शेवटची ओळ धरून ठेव

ता. २ सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच्या मनाचं भरतेस, म्हणून आईने सांगितलं की कागदच घे. घेतला.

बालवर्गाची बाई होऊन मला महिना झाला. तीन-साडेतीन वर्षांची बावीस मुलं, मी, आणि मदतीला एक मावशी. खेळायला बसली की मुलं सोन्यासारखी असतात. पण खेळ आवरून हात धुवायला उठवा, हात धुवून डब्याला बसवा, डब्यावरून झोपायला न्या, की आग लागल्यासारखी पळापळ. दिवसातून सात वेळा एकातून दुसऱ्यात जायचं असतं आणि सातही वेळा माझा घसा फुटतो. काल एकाने नळाखाली डोकं घातलं, दोघी एका बुटावरून हातघाईवर आल्या, आणि मावशी म्हणाल्या की बाई, यापेक्षा बाजार शांत.

त्यात एक मुंगी आहे. एवढीशी, आणि सदा भिंतीच्या कडेने चालते, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणतात. काहीही बदललं की ती टेबलाखाली जाते आणि टेबलाच्या पायाला मिठी मारते. सकाळी आईला सोडताना तर अख्खी इमारत तिला ऐकते. आई बस चालवते. आठला तिची गाडी सुटते आणि घरी मुंगीला बघायला दुसरं कोणी नाही. शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की तीस तारखेला त्या वर्गात येऊन बसतील, आणि तोवर ही रुळली नाही तर नाव कमी करून पुढच्या वर्षी आणा म्हणतील. म्हणजे तिच्या आईची बस गेली. आजी, मला ते होऊ द्यायचं नाही.

लहानपणी तू मला गाण्यावर आंघोळीला न्यायचीस आणि गाण्यावरच झोपवायचीस, एवढं आठवतं. ते कसं करायचीस ते लिही. सूर नसला तरी चालतं का, तेही लिही.

बाकी ठीक. तुझ्या लोभाची मागणी जुनीच आहे, पुरवठा चालू ठेव.

तुझी,
भिंगरी


ता. ५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर डॉक्टरचं आणि नोकरी शिकवण्याची, त्या पोरांचं कसं व्हायचं? मी चौथीत शाळा सोडली. तू सोळा वर्षं शिकलीस आणि मला विचारतेस की पोरं उठवायची कशी. विचारलंस ते बरं केलंस. काहींना तेवढीही अक्कल नसते.

तुला ठाऊक आहे, इस्पितळाच्या धुलाईघरात मी सव्वीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. मोठी चादर एकटीची नसते. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, झटकायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं. एक घाईची आणि एक सुस्त असली की चादर फरशीला लागते, ती पुन्हा धुवा. म्हणून आम्ही गायचो. हौस म्हणून नाही. गाणं म्हणजे आमचा मुकादम होता, फक्त तो शिव्या देत नव्हता.

आता नीट ऐक. पोरांना आधी उठा म्हणायचं आणि मग गायचं, हे उलटं. ती बसलीत तिथेच तू जाऊन बस, तोंड उघड आणि एक ठोकळा उचलून खोक्यात टाक. एकाही पोराला काही सांगू नकोस. सांगितलं की ती नाही म्हणतात, तुझ्या आईवर गेलीत सगळी. एका कामाला एकच गाणं, आणि रोज तेच. तुला कंटाळा आला म्हणून बदलायचं नाही. तुझ्या करमणुकीसाठी शाळा काढलेली नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटच्या ओळीची. गाणारणीने सगळ्यात सुस्त हाताकडे बघायचं. बाकीच्यांचं झालं तरी त्या हाताची घडी होईपर्यंत शेवटची ओळ धरून ठेवायची, लांबवायची, श्वास संपला तर घेऊन पुन्हा धरायची. ओळ सुटली की काम संपलं, आधी नाही. म्हणून यंत्रातलं गाणं लावू नकोस. यंत्राला डोळे नसतात.

ठोकळ्यांसाठी हे घे: “ठोकळ्यांनो, चला घरी, मोठे खाली, छोटे वरी.” हाताला हे: “पाणी आलं हातावर, फेस चढला बोटांवर.” झोपायच्या वेळचं तू जुळव, सगळं मीच केलं तर तुला ठेवलंय कशाला? सुराचं म्हणशील, तर नसला तरी चालतो. माझा आवाज ऐकून रोगी लवकर बरे होऊन घरी पळतात, असं आमची मुकादमीण म्हणायची.

राहिली मुंगी. ते तर अगदीच सोपं. तुझी आई तीन वर्षांची असताना माझी सहाची पाळी होती. मी तिला शेजारणीच्या कडेवर द्यायची आणि म्हणायची, “चिमणी बघ, पंख बघ, खिडकीमधला ढग बघ.” ती मान वळवून ढग बघायला लागली की मी दारातून बाहेर. एकही दिवस रडली नाही पोर. तू तेच कर. मुंगीचं तोंड खिडकीकडे, आई दाराबाहेर. चार दिवसांत मोठ्या बाईंचं तोंड बंद होतं की नाही बघ.

लोभ आहेच. तो वाढवायचा की आहे तेवढाच ठेवायचा, ते तुझ्या पुढच्या अक्षरावर ठरेल.

तुझी,
आजी


ता. १५ सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र हळू हळू लिहितेय, अक्षर बघ.

आधी चांगलं सांगते. तू नको म्हणालीस तरी पहिल्या दिवशी मी गाणं फोनवर भरून लावलंच, कारण माझा घसा बसला होता. गाणं संपलं तेव्हा निम्मे ठोकळे जमिनीवर होते. ज्यांचं झालं त्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांचं राहिलं त्यांनी ठोकळे भिरकावले. दुसऱ्या दिवशी बसक्या आवाजात स्वतः गायले. चौथ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत तिघांनी खोकं ओढून आणलं. आता शेवटचं “वरी” आम्ही बावीसजण मिळून लांबवतो आणि ज्याचा ठोकळा राहिलाय त्याला फार मोठा झाल्यासारखं वाटतं. एक पठ्ठ्या तर मुद्दाम एक ठोकळा खिशात दडवून ठेवतो. नळाखालीही आता डोकी नाहीत, फक्त हात. मावशी घरी नातवाला गाऊन दात घासायला लावतात, आणि तो ऐकतो म्हणे.

आता मुंगी. पहिले तीन दिवस तुझ्या चिमणीने कमाल केली. ती ढग बघत राहिली आणि आई निघून गेली, रडण्याचा आवाज नाही. तिच्या आईने तर दारात माझे हात धरले. चौथ्या दिवशी मी “चिमणी” म्हणताच मुंगीने खिडकीकडे बघितलंच नाही. दाराकडे बघितलं, आणि टेबलाखाली गेली. त्या दिवसापासून कुठलंही गाणं सुरू झालं, ठोकळ्यांचं असो की पाण्याचं, ती कानांवर हात ठेवून आत जाते आणि तिथून दारावर नजर ठेवते. बाकी एकवीसजण ज्याने शांत होतात, त्यानेच ही घाबरते. म्हणजे मी तिला आधीपेक्षा वाईट करून ठेवलंय. काल मोठ्या बाई दारावरून गेल्या, त्यांनी ते पाहिलं आणि नुसत्या “हं” म्हणाल्या.

पंधरा दिवस राहिलेत. मी काय चुकतेय?

आणखी एक. तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. चिमणीच्या ओळीला आली तशी ती उठली, बाहेर जाऊन वाळत घातलेले कपडे काढायला लागली. ते अजून ओलेच होते. मी विचारलं तर म्हणाली की तुझ्या आजीला मी लिहीन.

लवकर लिही. लोभ मागायला आज तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
भिंगरी


ता. १६ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

मी एकही दिवस रडले नाही, असं तू पोरीला लिहिलंस. तू बघायला होतीस कुठे? ढगात काही नाही हे कळून मी मान वळवायचे, तर शेजारच्या काकू आणि बंद दार. मग मी काय करायचे ते काकूंना विचारायला हवं होतंस. त्यांनी तुला सांगितलं नाही, कारण तू दमून यायचीस.

पुढे पुढे मला कळलं होतं की तू गायला लागलीस की जाणार. तू मला न्हाऊ घालताना गायचीस, तेव्हाही मी दाराकडे बघायचे. तुझी एक चप्पल मी रोज पलंगाखाली सरकवायचे, ते आठवतं? द्वाड म्हणून तू मला दोनदा मारलंस. ती खोडी नव्हती, आई. एका चपलेवर तुला जाता येणार नाही, असा माझा हिशेब होता. तू दुसऱ्या दिवशी जोड उंचावर ठेवलास.

आज या वयातही कोणी गुणगुणायला लागलं की मी खोलीतून उठते. लोकांना वाटतं, हिला गाण्याची आवड नाही.

तक्रार करत नाही. सहाची पाळी होती, मला सोबत नेणं शक्य नव्हतं, हे मला केव्हाच कळलंय. पण ती युक्ती आता त्या बसवालीच्या पोरीवर नको. माझी लेक ती चांगल्या मनाने करतेय, म्हणून जास्त वाईट वाटलं. तिला तूच सांग. माझं ती ऐकत नाही, आणि तुझं ऐकल्याशिवाय राहत नाही.

औषध वेळेवर घे. घेतलं नसलं तरी घेतलं म्हणून कळवायचं, ही तुझी सवय मला माहीत आहे. माया जशी आहे तशी असू दे.

तुझी,
थोरली


ता. १९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी चुकले. एकदाच लिहिते, तुला हवं तर दोनदा वाच.

तुझ्या आईचं पत्र आलं. दोन दिवस मी त्यावर विचार केला आणि त्या दोन दिवसांत शेजारणीशी भांडले, दूध उतू घालवलं. मग बसले आणि धुलाईघर आठवलं. उकळत्या चादरींची ढकलगाडी यायची तेव्हा आमचं एक गाणं होतं. आतून ढकलत आणणारी ते मोठ्याने म्हणायची, म्हणजे वाटेतल्या बायका हात मागे घेत. गाणं म्हणजे वर्दी. आता काय येतंय ते सांगायचं, आणि मग तेच आणायचं. सव्वीस वर्षांत त्या गाण्याने कोणाला फसवलं नाही, म्हणून त्यावर आमचा भरवसा होता. एकीने कधी गंमत म्हणून रिकाम्या गाडीला ते म्हटलं असतं, तर पुढच्या खेपेला कोणीतरी भाजलं असतं.

कामावर मला हे कळत होतं, आणि घरी येऊन मी लेकीला ढग दाखवत होते. शहाणपण दारात चपलेबरोबर काढून ठेवायची मी. त्या चपलेवरून मारलं तेही चुकलंच. हे आईला वाचून दाखव. तिने कपडे काढायला उठू नये, बसून ऐकावं.

आता कामाचं. ती चिमणी उडवून दे, पुन्हा तिचं नाव नको. मुंगीला जाण्याचं गाणं तू म्हणायचं नाही, तिच्या आईने म्हणायचं. समोर बसून, डोळ्यात बघून. “चालले मी कामाला, झोप झाली की न्यायला.” एवढंच. तीन-चार वर्षांच्या पोरीला घड्याळ कळत नाही, पण झोप कधी होते ते कळतं. ओळ संपली की उठायचं आणि दारातून पोरीच्या देखत जायचं. मागे वळून तीनदा टाटा नको, परत येऊन एक पापी नको. बसवाली आहे ना ती? थांबा सुटला की गाडी मागे घेते का?

पोर रडेल. चांगली खणखणीत रडेल. रडू दे. रडणं म्हणजे बिघाड नव्हे. आई गेल्यावर पोराने रडू नये तर काय टाळ्या वाजवाव्यात? तू जवळ बस, गप्प कर म्हणू नकोस, ढग दाखवू नकोस. आणि तिच्या आईला बजावून ठेव की झोपून उठल्यावर पहिलं तोंड तिचं दिसलं पाहिजे. गाणं खोटं पडलं तर पुन्हा मला लिहू नकोस, माझ्याजवळ दुसरं औषध नाही.

टेबलाखालून तिला ओढू नका. तिथे आहे तर तिथे. तुमचं ठोकळ्यांचं गाणं चालू ठेवा आणि शेवटची ओळ तिच्यासाठीही धरा. ती आलीच पाहिजे असं नाही. पण तिच्यावाचून ओळ बंद झाली असं तिला दिसता कामा नये.

आई म्हणेल मला गाता येत नाही. तिचा आवाज तिच्या गाडीच्या भोंग्यासारखा असला तरी चालेल, पोरीला तोच ओळखीचा.

लोभ असू द्या, दोघीही. माझ्याकडून यंदा जरा जास्त निघेल, पण सवय लावून घेऊ नका.

तुझी,
आजी


ता. ३० सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

शाळा सुटल्या सुटल्या लिहितेय, अजून वर्गातच आहे, छोट्या खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मुंगीच्या आईला थांबवून सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली की मला जमायचं नाही, मी गायले तर प्रवासी उतरतील. मग दाराशी उकिडवी बसली आणि म्हणाली ती दोन ओळी. तिचा आवाज खरंच भोंग्यासारखा आहे. ओळ संपली, उठली, गेली. मुंगी असं रडली की शेजारच्या वर्गातून दोन मुलं बघायला आली. मी नुसती बसून राहिले. दुपारी आई तिच्या उशाशी होती. त्यासाठी तिने एका सोबतिणीशी फेरी बदलून घेतली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडणं. पाचव्या दिवशी रडता रडता मुंगीने मला विचारलं की झोप झाली का. मी म्हटलं, अजून नाही. ती बरं म्हणाली आणि पुढचं रडली. मला हसू आवरेना.

आज मोठ्या बाई वही घेऊन मागच्या बाकावर बसल्या. सकाळी आई गायली, गेली, मुंगी रडली. बाईंनी लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, संपलं. मग ठोकळे आवरायची वेळ झाली आणि मी गायला सुरुवात केली, तशी मुंगी टेबलाखाली. पण कानांवर हात नव्हते. हातात एक ठोकळा होता.

सगळ्यांचं आवरून झालं आणि आम्ही “छोटे वरी”वर येऊन थांबलो. धरून ठेवली ओळ. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. एकवीस मुलं लाल झाली, श्वास घेतला, पुन्हा धरली. मला वाटलं, आता सोडावी लागणार. तेवढ्यात मागून एक जाड आवाज त्या “वरी”त मिसळला. मोठ्या बाई! बहुधा त्यांच्या लक्षातच आलं नसावं. तिसऱ्या श्वासाला मुंगी बाहेर आली, भिंतीच्या कडेने गेली, ठोकळा सगळ्यांच्या वर ठेवला, आणि आम्ही ओळ सोडली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मी आधीच बजावलं होतं. ती सरळ हात धुवायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

बाईंनी वहीत काय लिहिलं ते मला दाखवलं: रडते, पण येते. नाव राहू द्या. जाताना विचारलं की ही पद्धत कुठल्या प्रशिक्षणातली. मी सांगितलं, धुलाईघरातली. त्यांनी तेही लिहून घेतलं.

मुंगीच्या आईला सांगितलं तेव्हा तिने गणवेशाची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि वेळ झाली म्हणून गेली.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. बसून ऐकलं तिने. चपलेपाशी आले तेव्हा म्हणाली, पुन्हा वाच.

लोभ आता हक्काने मागते.

तुझी,
भिंगरी


ता. ४ ऑक्टोबर

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

भिंगरीचं पत्र मिळालं. त्या पोरीचं नाव राहिलं, बरं झालं. भिंगरीला सांग की आता फार फुगू नकोस. महिनाभराने मुंगी पुन्हा एखादा दिवस टेबलाखाली जाईल. सुट्टी झाली की जाईल, आई आजारी पडली की जाईल. घडी एकदा घातली म्हणून चादर पुन्हा चुरगळत नाही असं नसतं. पुन्हा घालायची.

आणि वर्गात जाऊन बघायचंय मला. त्या मोठ्या बाईंचा जाड आवाज ऐकायचाय. म्हणून येत्या रविवारी मी तुमच्याकडे येते. तीन दिवस राहीन. माझी उशी पातळ असते, लक्षात ठेव.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, म्हणजे तोंडावर बोलावी लागणार नाही. तुझ्याकडून परत निघताना तू आंघोळीला गेलीस की मी पिशवी उचलून चालू लागते, आजवर असंच केलंय. उगाच तुझा खोळंबा नको, असं मी स्वतःला सांगायची. तुझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी मी ढगच दाखवत होते.

बुधवारी माझी गाडी सातची आहे. निघायच्या आधी मी तुझ्यासमोर बसेन, जाते म्हणून सांगेन, आणि तुझ्या देखत दारातून जाईन. गाणार नाही, घाबरू नकोस. तुला रडायचं असेल तर रड. मी गाडी चुकवणार नाही.

लोभ आहे. तो दारात उभी राहून बघ.

तुझी,
आई